गयामावशी आणि लोण्याच्या वासाचं औषध

मावशी, तुमचा दहावा होऊन आज सहा दिवस झाले. लॅबमधल्या मुलांनी तुमचा फोटो बोर्डावर लावलाय आणि खाली चार ओळी लिहून द्या म्हणून माझ्यामागे लागले होते. गाव, नोकरीची वर्षं, मनमिळाऊ स्वभाव, ते सगळं मी दुसऱ्या कागदावर लिहून दिलं. हा कागद वेगळा आहे. यात मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती आणि मी सहा वर्षं तोंडाला कुलूप लावून बसले होते. त्या दिवशी ट्रे तुम्ही हलवले नव्हते. अंडी माझ्या हातून गेली आणि नाव मी तुमचं घेतलं.

झालं, सांगून टाकलं. पण एवढ्यावर थांबणारी मी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मुळापासून सुरुवात केल्याशिवाय मला शेवटाला पोचता येत नाही. तुम्ही म्हणायचात, "ताईंची गाडी पाथर्डीवरनं नगरला निघाली की आधी शेवगावला जाऊन येती." तर आजही शेवगावला जाऊन येऊ. तुम्हाला आता घाई नाही.

मी सोनईची. घरची शेती, गोठ्यात गाई, आणि मुलगी केडगावात खोली घेऊन पुणे रस्त्यावरच्या लॅबमध्ये पीएच.डी. करते, याचं घरात कौतुक होतं. फक्त कशावर करते ते कुणी विचारायचं नाही. डुकराचं नाव आमच्या घरात निघत नसे. आई सगळ्यांना सांगायची, पोरगी जनावरांच्या औषधाचं शिकते. सुट्टीला गेले की ओट्याकडे फिरकायच्या आधी मला न्हाणीत पिटाळायची. मी चिडायचे, पण अंघोळ करायचे.

तुमच्या वस्तीवर तरी काय वेगळं होतं? वीस हंगाम ऊसतोडीचा कोयता चालवून तुमची कंबर गेली आणि कुणी तरी ओळखीनं तुम्हाला सरांकडे आणून सोडलं. सर म्हणजे आमचे लॅबप्रमुख. कामावर लागल्यावर कळलं की नुसता झाडू-पोछा नाही, तर सकाळी कत्तलखान्यावर जाऊन डुकरिणींची अंडाशयं आणायची आहेत. तुमच्या आधीचे दोन शिपाई याच कामावरून पळाले होते. तुम्ही सरांना एवढंच विचारलंत, "मेलेल्याचं हाय ना? मंग त्याला काय हुतं."

काय व्हायचं ते लोकांना होत होतं. अंडाशयं कोमट मिठाच्या पाण्यात, थर्मासमध्ये घालून आणावी लागतात. गार पडली की आतली अंडी गेली, आणि उशीर झाला तरी गेली. तुम्ही थर्मास पदराखाली धरून शेअर रिक्षात बसायचात. थंडीत त्याला गोधडीचा तुकडा गुंडाळायचात. कुणी विचारलं तर सांगायचात, बाळंतिणीचा काढा आहे. महिन्याभरानं एका बाईनं न राहवून विचारलं, रोज कोण बाळंत होतंय तुमच्याकडं? तुम्ही म्हणालात, "आमच्यात लई सुना हायेत." हे तुम्ही आम्हाला सांगितलंत तेव्हा सर खुर्चीतून उठून बाहेर गेले. त्यांना आमच्यासमोर हसायचं नव्हतं.

तुम्हाला मी पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली अंडं दाखवलं तो दिवस आठवतो. अंडाशयावर ज्वारीच्या दाण्याएवढे पाण्याचे फोड असतात. त्यात सुई घालून पाणी ओढायचं आणि त्या पाण्यात अंडी हुडकायची. तुम्ही एक डोळा मिटलात, मग दुसरा मिटलात, मग दोन्ही उघडे ठेवून पाहिलंत आणि म्हणालात, "आगं बया, ही तर सरकी हाय. कापसासकट." अगदी तशीच होती. मधे गोल अंडं आणि भोवती पेशींचा दाट पुंजका. दोन दिवस उबवणीच्या पेटीत राहून अंडं पिकलं की तो पुंजका पिंजल्यासारखा फुलतो. त्या दिवसापासून लॅबमध्ये सगळे सरकीच म्हणायला लागले. सरांनी एकदा बाहेरच्या पाहुण्यांपुढेही सरकी म्हणून टाकलं आणि मग पाच मिनिटं त्याचा अर्थ समजावत बसले.

मग ते औषध आलं. सोडियम ब्युटिरेट. मी बाटली उघडली आणि तुम्ही दारातूनच विचारलंत, "कुनाचं लोनी नासलं?" तुमचं बरोबरच होतं. लोणी खवट झालं की ज्या आम्लामुळे वास येतो, त्याचंच हे मीठ. ते सरकीला काय करतं असं तुम्ही सरांना विचारलंत. सरांना कुणी विचारलेलं आवडायचं. त्यांनी हिस्टोन, डीॲसिटिलेज, इनहिबिटर असं सगळं फळ्यावर काढून दाखवलं. तुम्ही मान हलवत राहिलात, आणि सर गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणालात, "आता माणसात सांगा."

मी माणसात सांगितलं. पेशीच्या पोटात आईबापाकडून आलेला एक लांबलचक धागा असतो. तो हिस्टोन नावाच्या बारीक गोळ्यांवर गुंडाळलेला असतो, कुठं सैल, कुठं घट्ट. घट्ट आवळायचं काम करणारे हात असतात, त्यांचं नाव डीॲसिटिलेज. हे औषध ते हात धरून ठेवतं, म्हणजे धागा सैलच राहतो. तुम्ही थोडा विचार केलात. "म्हंजे उसाची मोळी. वाढ्यानं आवळून बांधनारा गडी हाय, अन् हे त्याचं मनगट धरतंय." माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाची दहा पानं तुमच्या त्या दोन वाक्यांत बसत होती. मी तसं म्हटलं तर तुम्ही म्हणालात, मग बाकीची नऊ कशाला लिहिता.

आमचं काम दोन प्रश्नांचं होतं. कच्च्या अंड्यांना सुरुवातीलाच औषध दिलं तर ती पिकत नाहीत, जिथल्या तिथं थांबतात. औषध धुऊन काढलं की पुन्हा चालायला लागतात. हा पहिला भाग झाला होता. दुसरा भाग पिकलेल्या अंड्यांचा. पिकलेलं अंडं तसंच पडून राहिलं तर म्हातारं होतं. काही नराचं बीज न मिळताच भलत्या वेळी वाढायला लागतात, काहींचे तुकडे पडतात, काही फुटून विरघळतात. पण पिकल्यानंतर हेच औषध दिलं तर तुकडे पडायचं प्रमाण कमी दिसत होतं, अंडी जास्त वेळ टिकत होती. औषध तेच. आधी दिलं तर वाढ अडवतं आणि नंतर दिलं तर म्हातारपण अडवतं. मला त्या वेळी याचं एवढं कौतुक होतं की मी दिसेल त्याला हे सांगत सुटायचे.

तुम्हाला मात्र ते पटलं नाही. "टिकली म्हंजे चांगली ऱ्हायली का? फ्रिजातलं कालवन बी टिकतं." पुढं तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी मला हाच प्रश्न विचारला, फक्त कालवण न म्हणता. मी तुम्हाला म्हणायचे, मावशी, आधी टिकली तरी पाहिजेत, मग चांगली का वाईट ते बघू. तुम्ही म्हणायचात, "त्यापरीस येळेवर काढा की. ठिवताच कशाला?" आता वेळेवर काढायची ठरली असती तर माझा सगळा प्रबंधच उडाला असता. हे भांडण आपण भांडी धुताना करायचो, काचेची नळी कोण फोडेल याची धास्ती दोघींनाही. ते मिटलं नाही. मला अजून पक्कं उत्तर माहीत नाही, एवढं आज कबूल करते.

तुमची आणि माझी आणखी एक कुरबूर होती. मी तुम्हाला अक्षरं शिकवते म्हणाले होते. रोज दहा मिनिटं, चहाच्या वेळी. तुम्ही पाटीसुद्धा आणू दिली नाहीत. "मला नाक हाय," म्हणालात. आणि होतंच. बाटल्यांवरची नावं तुम्हाला वाचता येत नव्हती, पण कुठली बाटली कुणी उघडली ते तुम्ही व्हरांड्यातून सांगायचात. मीही मग आग्रह धरला नाही. धरला असता तर मला पुढं दुसरं काही तरी खोटं शोधावं लागलं असतं.

आता तो दिवस. लॅबमध्ये दोन टेबलं होती. खिडकीकडचं टेबल नव्या, कच्च्या अंड्यांचं. दाराकडचं पिकलेल्यांचं. त्या दिवसांत औषध फक्त दाराकडच्या टेबलावर वापरत होतो. प्रत्येक टेबलाखाली कचऱ्याचा आपापला डबा, वापरलेल्या नळ्या त्यात जायच्या. सरांना पुढच्या आठवड्यात समितीपुढे निकाल ठेवायचे होते आणि ही शेवटची खेप होती. नेमकं त्याच दिवशी दुपारी मला बघायला पाहुणे येणार होते, सोनईला. मी एकोणतीस वर्षांची होते. आईच्या मते मी केव्हाच दाराकडच्या टेबलावर गेले होते. हा विनोद मी तुम्हाला सकाळीच ऐकवला, तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "मला तेराव्या वर्षी दिलं. पिकूच दिलं न्हाई. तुमी आपलं सावकाश करा."

मी सावकाश केलं नाही. मला बाराची गाडी गाठायची होती, केस धुवायचे होते, आणि आईचे तीन फोन येऊन गेले होते. साध्या द्रावणाची नळी आणि औषधाची नळी, दोन्ही दिसायला सारख्या, दोन्हींवर नाव माझ्याच अक्षरात. मी खिडकीकडच्या कच्च्या अंड्यांना औषध घातलं आणि दाराकडच्या पिकलेल्यांना साधं द्रावण. दोन्ही ट्रे पेटीत सरकवले आणि पळाले. मला वाचता येत होतं, मावशी, आणि मी वाचलं नाही.

सव्वाचारला तुमचा फोन आला. समोर पोहे फिरत होते. मुलाची आई विचारत होती, नेमकं कशाचं शिक्षण, आणि माझी आई औषधाचं औषधाचं करत होती. मी आत जाऊन फोन घेतला. तुम्ही म्हणालात, "ताई, खिडकीकडच्या डब्यातनं लोन्याचा वास येतुया. रोज तिकडनं येत न्हाई. कोनाला तरी बघाया सांगा." मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असणार. मी म्हणाले, मावशी, मी पाहुण्यांत आहे, ते तुम्ही नका बघू, डबा रिकामा करा. तुम्ही "बरं" म्हणालात.

पाचच तास झाले होते. तेव्हाच लॅबमधल्या कुणाला फोन करून अंडी धुऊन घ्यायला सांगितलं असतं तर कच्ची पुन्हा चालायला लागली असती, हेच तर आम्ही आदलं वर्षभर सिद्ध करत होतो. पिकलेल्यांनाही औषध देऊन बघता आलं असतं. तुमच्या नाकानं दोन्ही ट्रे वाचवले होते आणि मी पदर नीट करून पोहे द्यायला बाहेर गेले. ते स्थळ काही जमलं नाही. त्यांना लग्नानंतर नोकरी न करणारी हवी होती.

दोन दिवसांनी पेटी उघडली. खिडकीकडच्या अंड्यांतलं जवळपास एकही पिकलं नव्हतं, सगळी होती तिथंच थांबलेली. दाराकडच्यांचे नुसते तुकडे. मला एका क्षणात सगळं कळलं, लोण्याच्या वासासकट. मागे सर उभे होते. "हे कसं झालं?" त्यांनी विचारलं, आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. "परवा सकाळी टेबलं पुसताना गयामावशींनी ट्रे इकडचे तिकडे केले असतील, सर. त्यांना लेबल वाचता येत नाही." 'असतील' म्हटलं मी. खोटं बोलतानाही माझी भाषा संशोधनाची होती.

का बोलले, याची कारणं माझ्याकडे भरपूर आहेत. शिष्यवृत्ती वाढवून मिळायची होती, सरांचा राग कडक होता, आणि घरी आई टपूनच बसली होती की हिचं काही तरी बिनसावं आणि हिनं घरी यावं. सगळी कारणं खरी आहेत. सहा वर्षं मी ती मनात घोकत होते आणि एकदाही त्यांनी माझं समाधान झालं नाही.

सरांनी तुम्हाला बोलावलं. मी तिथंच होते, मायक्रोस्कोपला डोळे लावून, आणि खाली काचेवर काहीच नव्हतं. सर म्हणाले, "गयाबाई, उद्यापासून तुम्ही हॉस्टेलकडचं काम बघा. इथं वाचता येणारं माणूस लागतं." ओरडले नाहीत. तुम्ही माझ्याकडे बघताय हे मला मान वर न करताही कळत होतं. वाटलं, आता सांगतील, ताईंना फोन केला होता म्हणून. तुम्ही पुन्हा तेवढंच म्हणालात, "बरं." मग सरांनी खेपांच्या वहीत लिहिलं, दोन्ही ट्रे बाद, सफाई कर्मचाऱ्याची चूक.

तुमच्यानंतर थर्मास आणायला जो गडी आला तो सुशिक्षित होता. लेबलं फाडफाड वाचायचा. पण वाटेत कुठं चहाला थांबायचा कोण जाणे, अंडाशयं गार येऊ लागली. आठवड्यात एखादी खेप तरी वाया जायची. सर वैतागून म्हणायचे, गयाबाईंच्या वेळी असं व्हायचं नाही. मी मान डोलवायचे. माझ्या मानेची मला आता किळस येते.

आणि तुम्ही हॉस्टेलात. आवार एकच, त्यामुळे रोज गाठ पडायची. "बरंय का ताई?" "बरंय मावशी." सहा वर्षं आपण एवढंच बोललो. नाही, दोनदा जास्त बोललो. माझी पीएच.डी. झाली त्या दिवशी तुम्ही वाटीत गूळ-शेंगदाणे घेऊन आलात. म्हणालात, "सुटली म्हना एकदाची मोळी." मी वाकून पाया पडले तुमच्या. तुम्हाला वाटलं असेल आनंदानं पडले. त्या वेळी माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मागून मुलांनी केक आणला, मेणबत्ती कुठंय म्हणून आरडाओरडा झाला, तुम्ही वाटी रिकामी करून निघून गेलात, आणि मला मनातून सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

दुसरं गेल्या वर्षीचं. मी दुपारी लॅबकडे येत होते आणि तुम्ही व्हरांड्यात आमच्या दारासमोर उभ्या होतात. पाटीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत होतात. "पर-वा-न-गी-शि-वाय आत ये-ऊ नये." हॉस्टेलातल्या मुलींनी शिकवलं होतं तुम्हाला. तुम्ही वळलात, मला पाहिलंत, आणि म्हणालात, "आता येतंय वाचाया, ताई." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी "छान, मावशी" म्हणाले आणि दार ढकलून आत गेले. तुम्ही आत आला नाहीत.

मग तुम्ही एका सकाळी हॉस्टेलच्या ओट्यापाशी बसलात त्या उठलाच नाहीत. मला कळलं तेव्हा गाडी तुम्हाला घेऊन पाथर्डीकडे गेली होती.

दहाव्याला मी आले. मनात एक बेत होता, तोही सांगते, हसू नका. तळ्याकाठी पिंड ठेवल्यावर कावळा लवकर शिवला नाही तर लोक पुढं होऊन मेलेल्या माणसाला शब्द देतात, तुझं राहिलेलं आम्ही करू म्हणून. मला खात्री होती की तुमचा कावळा अडणार. माझ्यावरूनच अडणार. तेव्हा पुढं व्हायचं आणि चारचौघांत बोलून टाकायचं. शास्त्र शिकलेली बाई मी, पण तिथं उभी राहून कावळ्यावर भरवसा ठेवून होते. भटजी बाजूला झाले, लोक मागं सरकले, आणि कावळा आला की लगेच. एक मिनिटसुद्धा गेलं नाही. म्हातारी समाधानानं गेली, असं लोक म्हणाले आणि हात-पाय धुवायला निघाले. माझ्या तोंडातलं तोंडातच राहिलं. तुमचं काही अडलं नव्हतं, मावशी. अडलं होतं ते माझं, आणि ते सोडवायला कावळा येणार नव्हता.

तुमची सविता घरामागं पंगतीची पातेली विसळत होती. मी तिच्याशेजारी बसले, एक पातेलं ओढून घेतलं आणि सगळं सांगितलं. डबा, वास, फोन, पोहे, सगळं. तिचे हात चालूच होते. मग थांबले. म्हणाली, "आई आमाला म्हनली हुती, वासाचा तरास हुतो म्हनून मीच बदली मागून घेतली." तुम्ही घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. तुमच्या लेकीला आपल्या आईवर आळ आला होता हे माझ्या तोंडून, तुमच्या दहाव्याला कळलं. मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं, पण गप्प काही केलं नाही. म्हणाली, "मला सांगून काय उपेग? मी काय तिला काढलं न्हवतं. कुठं लिवलंय का तिचं नाव?" मी म्हटलं, लिहिलंय, खेपांच्या वहीत. "मंग तिथं जाऊन खोडा. अन् ज्यानं काढलं त्याला सांगा." आणि पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं.

सविता तुमच्यासारखी नाही. बरं झालं.

सोमवारी आमची आठवड्याची बैठक असते. सर यंदा निवृत्त होताहेत, तरी ती चुकवत नाहीत. नवीन पाच मुलं, जुने दोघं. मी जुनी वही काढून नेली होती. ते पान उघडून टेबलावर ठेवलं आणि उभी राहून सांगितलं. हे दोन्ही ट्रे माझ्या चुकीनं गेले. गयामावशींनी त्याच दिवशी फोन करून मला सावध केलं होतं. मी ऐकलं नाही, आणि नंतर त्यांच्यावर ढकललं. मग सर्वांसमोर ती ओळ खोडली, खाली माझं नाव लिहिलं, तारीख घातली. मुलं टेबलाकडे बघत होती. त्यांना मी एरवी लेबल दोनदा वाचा म्हणून फार बोलते.

मला वाटलं सर रागावतील. मी तयारीनं गेले होते. त्यांनी वही स्वतःकडे ओढून ते पान वाचलं. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी मी गयाबाईंना काही विचारलं होतं का?"

"नाही, सर."

"काय झालं, एवढंसुद्धा?"

"नाही. बदली झाली एवढंच सांगितलंत."

सर म्हणाले, "तुझं खोटं एका वाक्याचं होतं. मी एक प्रश्न विचारला असता तर ते तिथंच पडलं असतं." आणि बैठक संपली असं न सांगताच ते उठून गेले.

तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे. मी खोटं बोलले, ते माझं पाप, ते मी कुणाबरोबर वाटून घेणार नाही. पण त्या खोलीत दोन शिकलेली माणसं होती, आयुष्यभर प्रश्न विचारणं हेच ज्यांचं काम, आणि ज्या एका माणसाला उत्तर माहीत होतं त्याला कुणी विचारलं नाही. सहा वर्षं मला वाटायचं, तुम्ही का बोलला नाहीत. तुम्ही बोलला होतात, मावशी, फोनवर, वेळेवर. त्यानंतर तुम्ही पुन्हा बोलावं, असं कुणी वागलंच नाही तुमच्याशी.

उशीर झालाय, मला कळतं. तरी विचारते. गयामावशी, त्या दिवशी काय झालं होतं? तुम्ही सांगा. मी मधे बोलणार नाही.